नगरसभेच्या पायरीवरून

मुंबईस छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसांतून बाहेर पडलें म्हणजे समोर महानगरपालिकेची भव्य इमारत दिसते. तिच्या पुढ्यांत सर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा आहे. तो १९२३ सालीं उभारला गेला. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं तो पाहिला असेल. परंतु ज्या बॅरिस्टरानें कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेकौन्सिलांत सरकारास खडे बोल ऐकविले, त्याचा पुतळा नगरसभेच्या दाराशीं कां, हा प्रश्न थोड्यांनाच पडला असेल.

फिरोजशहांचा जन्म मुंबईस १८४५ सालीं झाला. विलायतेंत बॅरिस्टर होऊन ते १८६८ सालीं परत आले. त्या वेळीं शहराचा कारभार सरकारनें नेमलेल्या जस्टिसांकडे होता, व खरी सत्ता कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या हातीं होती. क्रॉफर्डसाहेबांनीं शहर सुधारलें, पण पैसाहि पाण्यासारखा खर्च केला. करदाते खवळले व कमिशनराचे अधिकार काढून घ्या, असा गिल्ला झाला. अशा वेळीं, १८७१ सालीं, हा सव्वीस वर्षांचा तरुण वकील भरसभेंत निराळेंच सांगूं लागला. काम करणारा अधिकारी एकच व जबाबदार असावा, दोष त्याच्या अधिकारांत नाहीं. दोष आहे तो पैशावर नजर ठेवणारे लोक करदात्यांनीं निवडलेले नाहींत, यांत! सभेस हें रुचलें नाहीं. तरी १८७२ च्या कायद्यानें ६४ सभासदांपैकीं ३२ करदात्यांनीं निवडावे असें ठरलें. पुढें १८८८ चा जो कायदा झाला, त्याच्या घडणींत फिरोजशहांचा व न्यायमूर्ति तेलंगांचा मोठा हात होता. मुंबईचा कारभार आजहि त्याच कायद्यावर चालतो.

आतां वरची पायरी. १८९२ च्या कायद्यानें कौन्सिलांत लोकपक्षाचे कांहीं सभासद घेण्याची सोय झाली. मात्र सामान्य माणसास मत नव्हतें. नगरसभेसारख्या संस्थांनीं नांव सुचवावें व सरकारनें तें मान्य करावें, अशी आडवळणाची ती रीत होती. मुंबईच्या नगरसभेनें फिरोजशहांस प्रांतिक कौन्सिलांत पाठविलें, आणि तेथील बिनसरकारी सभासदांनीं त्यांस कलकत्त्याच्या कौन्सिलाकरितां निवडलें.

तेथें १८९५ सालीं पोलीस बिल आलें. दंगा झालेल्या गांवीं जादा पोलीस ठेवून त्यांचा खर्च रहिवाशांवर बसविण्याची चाल होतीच. आतां त्यांतून कोणास वगळावें व कोणावर बोजा टाकावा, हें मॅजिस्ट्रेटानें ठरवावें असा बेत होता. चौकशी नाहीं, साक्षीपुरावा नाहीं, आणि शिक्षा मात्र खरी, असा फिरोजशहांचा आक्षेप होता. आम्हांस यांत १८७१ चाच वकील दिसतो: पैसा ज्याचा जातो त्यास विचारा, हें सूत्र तेंच. खजिनदार सर जेम्स वेस्टलंड यांस तें इतकें झोंबलें कीं, कौन्सिलांत हें कांहीं नवेंच वारें शिरलें, अशी तक्रार त्यांनीं केली.

१९०१ सालीं ती जागा गोपाळ कृष्ण गोखले यांजकडे गेली. नगरसभा मात्र फिरोजशहांनीं सोडली नाहीं. १९०७ सालीं कांहीं गोऱ्या अधिकाऱ्यांनीं त्यांस पाडण्यासाठीं गट बांधला, व ज्या सभेची घडी त्यांनींच बसविली तिच्या निवडणुकींत ते खरोखरच पडले. पण निवडून आलेल्यांपैकीं एकाची निवड रद्द ठरली आणि फिरोजशहा पुन्हां आपल्या खुर्चीवर येऊन बसले. १९१५ च्या नोव्हेंबरांत ते वारले, तोंपर्यंत नगरसभेशीं त्यांचा संबंध तुटला नाहीं.