मगर अंगणात आली, तर दोर शोधू नका

विश्वामित्रीचं पाणी चढू लागलं की वडोदऱ्यात एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘मगरीचा जोर पाण्यात. जमिनीवर तिचं काही चालत नाही. चार पोरं आणि एक दोर बास.’

हे वाक्य एखाद्याचा हात तोडेल.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस मुसळधार पाऊस आणि आजवा जलाशयातून आलेलं पाणी यांमुळे नदीनं २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. पाणी वस्त्यांत शिरलं आणि त्याबरोबर मगरीही आल्या. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वनखात्यानं रहिवासी भागांतून २४ मगरी पकडल्या. सगळ्यात लहान दोन फुटांची होती, तर कामनाथनगरात सापडलेली सगळ्यात मोठी १४ फुटांची.

मगर जमिनीवर फार लांब धावू शकत नाही, हे खरं. पण पकडायला गेलेला माणूस तिच्यापासून लांब असतोच कुठे? तो दोन हातांवर उभा असतो आणि तेवढ्या अंतराला तिची एक झेप पुरते. ओंडक्यासारखी पडलेली मगर क्षणात चार पायांवर उठते. ‘मागून गेलं की झालं’ म्हणणारे तिची शेपटी विसरतात. त्या फटक्यानं माणूस आडवा होतो आणि तेवढ्यात तिचं तोंड वळलेलं असतं.

वनखात्याचे लोक पकडतात, मग आपण का नाही, असाही सवाल येतो. ते लांबूनच फास टाकतात. मग ओलं गोणपाट तिच्या डोळ्यांवर पडतं आणि दिसेनासं झाल्यावर ती बरीच शांत होते. जबडा मिटण्याची तिची ताकद प्रचंड, पण उघडणारे स्नायू कमजोर, म्हणून मिटलेल्या तोंडावर चिकटपट्टी टिकते. व्हिडिओत दिसते ती फक्त पट्टी. ती लावण्यामागची वर्षानुवर्षांची सवय दिसत नाही. त्याच पुरानंतर स्कूटरवरून मगर नेणाऱ्या दोघांचा व्हिडिओ देशभर फिरला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या ऐकून उद्या कुणीतरी पोरगा पुढे सरसावेल, त्याचं काय?

मुळात मगर घरात शिकारीला येत नाही. मासे, मेलेली जनावरं, कधी कुत्रा किंवा डुक्कर, हे इथल्या मगरींचं खाणं. नदीत त्या ४४० च्या आसपास आहेत. बिळं बुडतात, प्रवाह अनावर होतो, तेव्हा त्या संथ पाणी आणि कोरडी जागा शोधतात. तशी जागा पूररेषेत बांधलेल्या सोसायट्यांत मिळते. चहूबाजूंनी घेरलेली मगर मात्र चावते, कारण तिला दुसरी वाट उरलेली नसते.

उरलेले समज थोडक्यात:

‘वेडंवाकडं पळावं.’ नाही, सरळ लांब पळावं.

‘तोंड उघडलं म्हणजे हल्ला.’ उन्हात ती अंग थंड ठेवायला तोंड उघडते. फूत्कार टाकला तर मात्र तो इशारा समजावा.

‘पिल्लू हातात धरायला हरकत नाही.’ दात त्यालाही असतात.

‘खोडियार मातेचं वाहन, काही करणार नाही.’ जून २०१९ मध्ये महीसागर जिल्ह्यातल्या पल्ला गावी देवळात आलेल्या मगरीला भक्तांनी हळदकुंकू वाहिलं. श्रद्धेचा आदर आहे, पण मगरीला ती कळत नाही.

‘घरात आली, मारली तर गुन्हा नाही.’ मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं. खरोखर जिवावर बेतलं तर कायदा सूट देतो, पण पाठलाग करून मारणं स्वसंरक्षणात बसत नाही.

मगर दिसली की मुलं आणि कुत्री आत घ्यावीत, दार लावावं, तिची परतीची वाट मोकळी ठेवावी आणि वनखात्याला कळवावं. नंबर हाताशी नसेल तर ११२. ती कुठे सरकते यावर वरच्या मजल्यावरून लक्ष ठेवावं. पूर ओसरल्यावर गाडीखाली आणि जिन्याखाली आधी उजेड टाकावा, मगच पाय. पकडलेल्या मगरी पुन्हा विश्वामित्रीतच सोडल्या जातात, त्यामुळे पुढच्या पुरातही त्या येणार. सोसायटीच्या फलकावर वनखात्याचा नंबर जूनच्या आत लागलेला हवा.