नोकरी-घर सांभाळून ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी: सत्राच्या सुरुवातीलाच करायची कामे

शाळा सुटून दहा-पंधरा वर्षे झाली, घर आणि रोजचे काम सोडता येत नाही, पण पदवी हवी आहे. अंगणवाडी मदतनीस, आशा सेविका, बचत गटाचे हिशेब पाहणाऱ्या महिला, दुकानात किंवा कारखान्यात राबणारे कामगार अशा अनेकांसाठी दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचा मार्ग खुला आहे. या मार्गात वयाची अडचण नाही. वर्ष वाया जाते ते एखादा अर्ज राहिल्यामुळे, एखादी तारीख चुकल्यामुळे किंवा नावातल्या फरकामुळे. म्हणून पुस्तक उघडण्याआधी पुढील गोष्टी पाहून घ्या.

आधी मान्यता तपासा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाला, कोणत्या अभ्यासक्रमासाठी, कोणत्या सत्रासाठी मान्यता आहे याची यादी असते. केवळ विद्यापीठाचे नाव पाहून थांबू नका, तुमचा अभ्यासक्रम आणि तुमचे सत्र त्यात आहे का ते पाहा. अशा मान्यताप्राप्त पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या मानल्या जातात. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा, वास्तुशास्त्र या पदव्या दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देण्यास परवानगी नाही. ‘घरी बसून नर्सिंगची पदवी’ अशी जाहिरात दिसली की तिथेच थांबा. विद्यापीठाने फ्रँचायझी नेमून शिकवण्यालाही मनाई आहे. त्यामुळे शुल्क एजंटच्या खात्यात नव्हे, विद्यापीठाच्या पोर्टलवरच भरा.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात (स्थापना १९८९) मराठीतून शिकता येते. सुरत, इंदूर, हैदराबाद अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी भाषकांना ही सोय जवळ मिळणार नाही, कारण राज्य विद्यापीठाची दूरस्थ अभ्यासकेंद्रे त्या राज्याच्या हद्दीतच असतात. त्यांच्यासाठी १९८५ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, हा देशभर चालणारा पर्याय आहे. तिथे माध्यम मुख्यतः हिंदी आणि इंग्रजी आहे.

नाव, क्रमांक आणि मोबाइल

नव्या प्रवेशासाठी आता दोन क्रमांक लागतात. पहिला एबीसी किंवा अपार क्रमांक, जो डिजिलॉकरमधून मिळतो आणि ज्यात तुमचे श्रेयांक जमा होतात. दुसरा डीईबी क्रमांक. तो पहिल्या क्रमांकाच्या आधारे दूरशिक्षण विभागाच्या पोर्टलवर तयार करावा लागतो. दोन्ही विनाशुल्क आहेत.

इथे विवाहित महिलांची हमखास अडचण होते. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, मग पडताळणी अडते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत आधीच काढून ठेवा. आधारमध्ये दुरुस्ती करायची असेल तर प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका.

अर्ज सीएससी केंद्रातून भरत असाल तर मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचाच द्या. केंद्रचालकाचा क्रमांक टाकला गेला तर पुढची तीन वर्षे प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्याकडे जावे लागेल, आणि परीक्षेची सूचना तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

शुल्क आणि शिष्यवृत्ती

इग्नूमध्ये ठरावीक अभ्यासक्रमांसाठी अनुसूचित जाती व जमातीच्या विद्यार्थ्यांना शुल्कमाफीची सोय आहे. ती एका वेळी एकाच अभ्यासक्रमासाठी मागता येते. दोन अर्जांत मागितल्यास दोन्ही नाकारले जातात. माफी मिळाली तरी परीक्षा शुल्क वेगळे भरावे लागते, ते बाजूला काढून ठेवा.

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दिसणारी प्रत्येक योजना तुमच्यासाठी नसते. उदाहरणार्थ, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती नियमित विद्यार्थ्यांनाच मिळते, दूरस्थ शिकणाऱ्यांना नाही. अर्ज करण्यापूर्वी त्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत ‘दूरस्थ’ किंवा ‘पत्राद्वारे’ हा शब्द शोधा. रक्कम थेट हस्तांतरणाने, आधारशी शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जाते. दोन-तीन खाती असतील तर त्यांपैकी कोणते जोडलेले आहे हे बँकेत विचारून घ्या.

तासांचा हिशेब

इग्नूत एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांच्या विषयाला १२० तास लागतात. सत्राचे वीस आठवडे धरले तर आठवड्याला सहा तास, आणि असे चार विषय असतील तर चोवीस. रोज साडेतीन तास! हे गणित घरच्यांसमोर मांडा. पहाटेचे किंवा रात्रीचे कोणते काम दुसरे कोण करणार हे सत्राच्या सुरुवातीलाच ठरले पाहिजे. तरीही जमले नाही तर मुदत असते: तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते.

लॅपटॉप नसेल तरी अडत नाही. छापील पुस्तके घेता येतात, इग्नूचे साहित्य ई-ज्ञानकोशावर मोफत आहे, आणि स्वयंप्रभा वाहिन्या डीडी फ्री डिशवर दिसतात.

स्वाध्याय आणि परीक्षा अर्ज

बहुतेक अभ्यासक्रमांत स्वाध्यायांना ३० टक्के आणि सत्रांत परीक्षेला ७० टक्के भारांक असतो, आणि दोन्हींत वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागते. स्वाध्याय तुमच्या सत्राच्याच प्रश्नपत्रिकेवरून, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहा. जुन्या सत्राचे प्रश्न सोडवल्यास मेहनत फुकट जाते. बाजारात तयार उत्तरे विकत मिळतात, ती उतरवू नका. देण्यापूर्वी झेरॉक्स काढा आणि पोच घ्या. गुण नोंदले गेले नाहीत तर हाच तुमचा पुरावा.

परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला नाव लागले असे नाही, परीक्षा अर्ज दर वेळी वेगळा भरावा लागतो. पुढच्या वर्षाची किंवा सेमिस्टरची पुनर्नोंदणीही वेगळी असते आणि ती निकालाची वाट न पाहता, मुदतीतच करायची असते. दूरस्थ अभ्यासक्रमाची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. वेळापत्रक लागताच त्या दिवसांची रजा मालकाकडे लेखी मागा, आणि हॉल तिकिटावरील केंद्राचा पत्ता एकदा प्रत्यक्ष पाहून या.