तीन बोटांचा बँजो

मुंबईपुण्याकडे 'बँजो' म्हटलें कीं गणेशोत्सवाच्या मिरवणुकींत कळा दाबून वाजविलें जाणारें वाद्य डोळ्यांपुढें येतें. तें बुलबुलतरंगाच्या जातीचें असून त्याचें मूळ जपानांत आहे. अमेरिकेंतील बँजो याहून अगदीं निराळा. लांकडाच्या गोल कड्यावर चामडें ताणून बसवावें, त्याला लांब दांडी जोडावी आणि दांडीवरून तारा ओढाव्या. डफाला दांडी लावावी तसें त्याचें रूप. तारा पांच. पैकीं चार दांडीच्या टोकापर्यंत जातात. पांचवी आंखूड असते व तिची खुंटी दांडीच्या बाजूस, मध्येंच बसविलेली असते. अंगठ्यानें छेडावयाची ही तार सहसा दाबली जात नाहीं. सतारीच्या चिकारीप्रमाणें ती आपला एकच स्वर मधून मधून देत राहते.

चामड्यामुळें या वाद्याचा आवाज खणखणीत निघतो, पण तो टिकत नाहीं. सतारीची तार छेडली तर तिची आंस कांहीं काळ रेंगाळते. बँजोचा स्वर उमटला न उमटला तोंच विरून जातो. अशा वाद्यावर सलग चाल कशी वाजवावी, हा त्याच्या वादकांपुढें जुनाच प्रश्न होता. त्याचें सर्वांत प्रभावी उत्तर ज्यानें दिलें तो कोणी संगीतशाळेंत तयार झालेला पंडित नव्हे. तो सुताच्या गिरणींत काम करणारा एक तरुण होता. त्याचें नांव अर्ल स्क्रग्ज.

बँजोपुढें दुसरी अडचण होती ती प्रतिष्ठेची. या वाद्याचें मूळ आफ्रिकेंत आहे. गुलाम करून नेलेल्या आफ्रिकी लोकांनीं आपल्याकडील भोपळ्याच्या तंतुवाद्यांची स्मृति बरोबर नेली आणि वेस्ट इंडीज बेटांत व उत्तर अमेरिकेंत त्या धर्तीचीं वाद्यें पुन्हा घडविलीं. पुढें १८४० च्या सुमारास गोरे नट तोंडाला काजळी फांसून या लोकांची नक्कल करणारे खेळ रंगभूमीवर करूं लागले. त्यांत बँजोला मानाचें स्थान मिळालें, पण तें हंशा पिकविण्याचें साधन म्हणून! ज्यांनीं वाद्य घडविलें त्यांचीच टवाळी त्याच वाद्याच्या साथीनें होऊं लागली. ते खेळ मागें पडले तरी हा डाग सहज पुसला गेला नाहीं. १९३० नंतरच्या काळांतही दक्षिणेकडील वादकांच्या ताफ्यांत बँजोवाला बहुधा विदूषकाचें काम करी. ढगळ पोशाख, विनोदी गाणें आणि मधून मधून तारांचा झणत्कार एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असे.

अर्ल स्क्रग्जचा जन्म ६ जानेवारी १९२४ रोजीं उत्तर कॅरोलिना राज्यांतील फ्लिंट हिल या वस्तींत झाला. वडील शेती करीत, हिशेब लिहीत आणि बँजोही वाजवीत. अर्ल चार वर्षांचा असतां ते वारले. आई ऑर्गन वाजवी आणि भावंडांचेही हात तंतुवाद्यांवर फिरत. घरांत लय मोजण्याचें यंत्र नव्हतें. म्हणून अर्ल व त्याचा वडील भाऊ हॉरेस यांनीं एक युक्ति काढली. दोघांनीं एकत्र उभें राहून एकच चाल सुरू करावयाची आणि वाजवीत वाजवीत एकानें घराला उजवीकडून, दुसऱ्यानें डावीकडून वळसा घालावयाचा. घरापलीकडे दोघांची गांठ पडली कीं, दोघे अजून एकाच मात्रेवर आहेत कीं नाहींत हें ताडून पाहावयाचें. हा पोरखेळ नव्हता. ताल देणारा गुरु जवळ नसतां लय अंगांत मुरविण्याचा तो खडतर अभ्यासच होता.

अर्ल दहा वर्षांचा असतांना एके दिवशीं या भावाशींच त्याचें भांडण झालें. रुसून तो बँजो घेऊन एकटाच खोलींत बसला. मन भलतीकडे होतें आणि बोटें 'रूबेन' नांवाची एक जुनी चाल वाजवीत होतीं. कांहीं वेळानें त्याच्या ध्यानांत आलें कीं, आपण दोन बोटांऐवजीं तीन बोटांनीं वाजवीत आहोंत. तो धांवत बाहेर आला व 'साधलें, साधलें' म्हणून ओरडूं लागला. ही हकीकत त्यानें स्वतःच पुढें सांगितली आहे. मात्र तीन बोटांची पद्धति त्यानें शून्यांतून निर्माण केली असें समजण्याचें कारण नाहीं. त्याच टापूंत स्मिथ हॅमेट व स्नफी जेंकिन्स यांसारखे वादक तीन बोटांनीं बँजो वाजवीत असत. बीज भोंवतालच्या मातींत होतें. त्याला पूर्ण रूप देण्याचें श्रेय अर्लचें.

तें रूप कसें होतें हें समजून घेण्यासारखें आहे. वादक अंगठा, तर्जनी व मध्यमा या तीन बोटांत सतारियाप्रमाणें नख्या घालतो. चार मात्रांत, दर मात्रेस दोन याप्रमाणें, आठ आघात बसतात. आतां बोटें तीन आणि आघात आठ! अंगठा, तर्जनी, मध्यमा हा क्रम दोनदां झाला कीं सहा आघात होतात आणि दोन उरतात. म्हणजे आठांची विभागणी तीन, तीन व दोन अशी पडते. त्यामुळें जोर पहिल्या, चौथ्या व सातव्या आघातावर येतो. हा जोर सरळ चालणाऱ्या ठेक्याला आडवा जातो आणि पुढच्या समेवर पुन्हा त्याला येऊन मिळतो. लयकारीची गोडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना यांतील रंगत निराळी सांगावयास नको. हा एक क्रम झाला. अर्ल असे अनेक क्रम एकमेकांत गुंफीत असे. गाण्याचे मुख्य स्वर या आघातांच्या ओघांत अचूक जागीं बसवावयाचे आणि उरलेल्या जागा पांचव्या तारेनें व इतर संवादी स्वरांनीं भरून काढावयाच्या, हें त्याचें खरें कौशल्य. एक स्वर विरण्यापूर्वींच दुसरा येतो; म्हणून वाद्याचा जो दोष होता तोच गुण ठरला. प्रत्येक स्वर सुटा ऐकूं येतो, आणि तरी धार तुटत नाहीं.

एवढी विद्या हातीं असूनही तिच्यावर पोट भरेल अशी खात्री नव्हती. पंधराव्या वर्षीं त्यानें एका ताफ्याबरोबर नभोवाणीवर वाजविलें होतें. परंतु घरीं विधवा आई होती. युद्धकाळांत तो शेल्बी गांवच्या शिवणदोऱ्याच्या गिरणींत कामाला लागला. मजुरी तासाला ४० सेंट आणि आठवड्याचें काम ७२ तासांपर्यंत. बँजो त्या काळांत मागें पडला, पण सुटला नाहीं. १९४५ मध्यें गिरणीचें काम सोडून तो 'लॉस्ट जॉन' मिलर याच्या ताफ्यांत शिरला. हा आधारही फार दिवस टिकला नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस मिलरनें दौरे थांबविले आणि अर्लवर गिरणींत परत जाण्याचा प्रसंग येऊन ठेपला.

याच वेळीं केंटकी राज्यांतील बिल मन्रो या मँडोलिनवादकाच्या 'ब्लू ग्रास बॉइज' नांवाच्या ताफ्यांत बँजोवाल्याची जागा रिकामी होती. आधींचा वादक, स्ट्रिंगबीन, विनोदासाठींच प्रसिद्ध होता. मन्रोची लय जलद आणि जुन्या धाटणीचा बँजो तिला मागें ओढी. म्हणून, आतां नवा बँजोवाला न घेतला तर बरें, असें ताफ्यांतील गायक व गिटारवादक लेस्टर फ्लॅट याचें मत होतें. नॅशव्हिल शहरांत अर्लनें मन्रोपुढें दोनतीन चाली वाजवून दाखविल्या, आणि तें ऐकून त्याच फ्लॅटनें, वाटेल तें वेतन द्या पण हा मुलगा सोडूं नका, असा सल्ला दिला.

८ डिसेंबर १९४५ रोजीं 'ग्रँड ओल ऑप्री' या शनिवार-रात्रींच्या कार्यक्रमांत अर्ल प्रथमच मन्रोबरोबर उभा राहिला. त्याचें वय अवघें २१. कार्यक्रम रायमन सभागृहांत प्रेक्षकांसमोर होई आणि ५०,००० वॉटच्या केंद्रावरून दूरदूरच्या राज्यांत ऐकूं जाई. अर्लच्या अंगावर विदूषकी पोशाख नव्हता आणि चेहऱ्यावर हंसूंही नसे. जुन्या पिढीचा लोकप्रिय बँजोवादक अंकल डेव्ह मेकन यानें त्याला पाहून, मुलगा वाजवितो बरें पण विनोदी मुळींच नाहीं, असा शेरा मारला, असें सांगतात. त्या शेऱ्यांत एका युगाचा अंत नकळत नोंदला गेला. बँजो ऐकून लोक आतां हंसत नव्हते; ते टाळ्या वाजवून पुन्हा पुन्हा वाजविण्याचा आग्रह करीत होते.

मन्रो, फ्लॅट, स्क्रग्ज, फिडलवादक चबी वाइज आणि खर्जाचें तंतुवाद्य वाजविणारा हॉवर्ड वॉट्स या पांच जणांनीं सप्टेंबर १९४६ मध्यें शिकागो येथें ध्वनिमुद्रण केलें. एकेका वाद्यानें आळीपाळीनें पुढें यावें, इतरांनीं साथ करावी, हा त्यांचा रिवाज पुढें सर्वमान्य झाला. आणि त्या संगीतालाच ताफ्याच्या नांवावरून 'ब्लूग्रास' हें नांव पडलें. १९४८ मध्यें फ्लॅट व स्क्रग्ज यांनीं मन्रोला सोडून स्वतःचा ताफा उभारला. १९४९ च्या डिसेंबरांत त्यांनीं मुद्रित केलेली 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' ही अर्लची रचना १९६७ च्या 'बॉनी अँड क्लाइड' या चित्रपटांतून जगभर पोहोंचली. त्याची पत्नी लुईझ हिनें ताफ्याचे व्यवहार असे चोख सांभाळले कीं, गांवोगांवच्या शाळांतून कार्यक्रम करणारी ही मंडळी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलपर्यंत गेली. १९६९ मध्यें फ्लॅट व स्क्रग्ज वेगळे झाले. अर्ल मुलांसह नव्या ढंगाचें संगीत वाजवीत राहिला. २८ मार्च २०१२ रोजीं, वयाच्या ८८ व्या वर्षीं, नॅशव्हिल येथें त्याचें निधन झालें.

आज तीन बोटांच्या या पद्धतीला 'स्क्रग्ज शैली' असेंच म्हणतात, आणि ब्लूग्रासच्या नवशिक्या बँजोवादकाचा पहिला धडा बहुधा तिच्यापासूनच सुरू होतो. परंतु प्रतिष्ठा वाद्याला मिळाली, तेवढी तें प्रथम घडविणाऱ्यांना मिळाली नाहीं. २००५ मध्यें अर्लच्याच उत्तर कॅरोलिना राज्यांतील बून या गांवीं कृष्णवर्णीय बँजोवादक व अभ्यासक एकत्र जमले आणि हें वाद्य आपल्या पूर्वजांचें आहे ही गोष्ट त्यांनीं पुन्हा ठासून मांडली. त्या मेळाव्यांतून उदयास आलेल्या तरुणांच्या एका ताफ्यानें पुढें मोठा लौकिक मिळविला. गिरणींतील तरुणानें बँजोवरील हंशा थांबविला; त्या हंशानें ज्यांचा अपमान झाला त्यांचें ऋण फेडण्याचें काम अजून चालूं आहे.