टर्बो इंजिनात साधे पिस्टन? थांबा, भाऊ!

नागपूरच्या महालात इंजिन खोललं की हा प्रश्न हमखास निघतो: बोअर जुळतोय, मग टर्बो गाडीत बिनटर्बोचे स्वस्त पिस्टन का नको? बसतील. टिकणार नाहीत.

टाटाचंच घ्या. टियागो आणि रांजणगावात बनणारी नेक्सॉन, दोन्हींत १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. एकीत ८६ पीएस, दुसरीत टर्बोमुळे १२०. हा जास्तीचा भार पिस्टनच्याच डोक्यावर.

साध्या पिस्टनचं कॉम्प्रेशन सहसा जास्त असतं. त्यात टर्बोने आधीच दाबलेली, तापलेली हवा शिरली की ठिणगीची ज्वाळा पोचायच्या आत उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. हेच नॉकिंग. पहिली तुटते ती दोन रिंगांमधली बारीक भिंत. मग ऑइल जळतं, निळा धूर निघतो. त्यात आपला मे महिना, ४५ अंश, केळीबाग रोडवर रांगणारी गाडी आणि इंटरकूलरला वारा नाही!

जाड गॅस्केट टाकून कॉम्प्रेशन उतरवायचा जुगाड काही जण सुचवतात. कॉम्प्रेशन उतरेलही, पण ती भिंत बारीक ती बारीकच. पिस्टन घेताना बोअरसोबत पार्ट नंबरही ताडून बघा, राजेहो.