सोळाव्या वर्षातील मैत्री

पावसाळा सुरू झाला की पनवेल परिसरातील घराघरांतून कर्नाळ्याच्या सहलीचा विषय निघतो आणि त्यावरून थोडे वादही होतात. पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाला लागून असलेले हे पक्षी अभयारण्य १९६८ साली स्थापन झाले. माथ्यावरचा किल्ला आणि त्याचा अंगठ्यासारखा सुळका मात्र कोणत्याही सरकारी अधिसूचनेहून कितीतरी जुना. अकरावी-बारावीतील मुलामुलींना तेथे जावयाचे असते. मुलाला ‘सांभाळून जा’ एवढ्या सूचनेवर परवानगी मिळते. मुलीला आधी ‘बरोबर कोण कोण आहे?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. प्रश्नामागील भीती उघड आहे आणि ती अगदीच निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु या एका भीतीपायी आपण दुसऱ्या, अधिक महत्त्वाच्या गोष्टीकडे पाहावयाचेच विसरून गेलो आहोत.

ती गोष्ट म्हणजे मैत्री. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जोसेफ ॲलन व त्यांचे सहकारी यांनी १६५ मुलामुलींचा त्यांच्या तेराव्या वर्षापासून तिशीपर्यंत पाठपुरावा केला व २०१९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिशीच्या उंबरठ्यावर ज्यांना आपल्या जोडीदाराच्या सहवासात समाधान लाभले, त्यांच्या पूर्वायुष्यात काय होते, हा त्यांचा प्रश्न होता. कुमारवयातील प्रेमप्रकरणांवरून याचा काहीच अंदाज बांधता आला नाही. अंदाज बांधता आला तो मैत्रीवरून: तेराव्या वर्षी सवंगड्यांपुढे आपले मत न भांडता पण ठामपणे मांडता येणे, पंधरा-सोळाव्या वर्षी जवळचे मित्र जोडता येणे आणि सोळा ते अठरा या काळात ती जवळीक टिकविता येणे. मुलग्याची ही मैत्री मुलग्याशी, मुलीची मुलीशी! ज्या नात्याला आपण ‘पोरासोरांचे खेळ’ म्हणून सोडून देतो, तेच पुढील सहजीवनाची तालीम ठरले.

एका अमेरिकन शहरातील दीडशे मुलांवरून कोकणातल्या मुलांविषयी निकाल देऊ नये, हा आक्षेप रास्त आहे. तरीही आपल्या घरातील वळणाशी हे ताडून पाहावे. तेराव्या वर्षी मुलगी मत मांडू लागली की तिला ‘आगाऊ’ म्हणतात, थोडी ठाम राहिली की ‘तोंडाळ’. ‘उलट बोलू नये’ हा संस्कार आपण इतक्या निष्ठेने करतो की नाही म्हणावे कसे, हेच तिला शिकावयास मिळत नाही. मुलाचे निराळेच असते. त्याला ठामपणा शिकवावा लागत नाही; पण मित्राजवळ मन मोकळे करणे त्याला बायकी वाटते आणि नाक्यावरच्या टोळक्यात थट्टेपलीकडे संभाषण जात नाही. ही दोन माणसे पुढे दहा मिनिटांच्या चहापोह्यांनंतर एकमेकांशी आयुष्यभर बोलावयास बसतात.

स्वभावाला औषध नाही, असे आपण म्हणतो. त्यात तथ्य किती? न्यूझीलंडमधील डनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा पाठपुरावा गेली पन्नास वर्षे चालू आहे. तिसऱ्या वर्षी ज्यांना स्वतःला आवरता येत नव्हते, त्यांच्या प्रेमसंबंधांत एकविसाव्या वर्षी अधिक खटके उडताना दिसले. जी बुजरी होती त्यांना आधार देणारी माणसे कमी होती. तेव्हा स्वभाव खराच. पण २००० साली १५२ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात असे दिसले की स्वभावाची घडण वयाबरोबर घट्ट होत जाते आणि पन्नाशीनंतर ती सर्वांत पक्की होते. म्हणजे सोळाव्या वर्षी माती अजून ओली असते. कर्नाळ्याची चढण वर्गाबरोबर चढलेल्या शिक्षकाला हे वेगळे सांगावयास नको. कोण मागच्यासाठी थांबतो, कोण पाणी वाटून घेतो, कोणाला ‘मी दमलो’ म्हणण्याची लाज वाटते, हे त्या दोन-तीन तासांत जितके कळते तितके वर्षभराच्या हजेरीपटातून कळत नाही.

याच वाटेवर महामार्गालगत शिरढोण लागते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म तेथे झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. शाळेतील पुस्तकांपेक्षा कुस्ती व घोडदौड यांकडे या मुलाचा ओढा अधिक, असे चरित्रकार सांगतात. पुढे हा तरुण पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकून झाला, पण खर्डेघाशीत रमला नाही. वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्या साथीने त्याने शाळा उभारली, तिचीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. आणि बंडाच्या काळात दौलतराव रामोशी याच्याशी त्याचे सख्य जमले, ज्या काळी ब्राह्मण कारकुनाला हे सुचणेही कठीण होते. द्वितीय पत्नी गोपिकाबाई यांना त्यांनी लिहावयास-वाचावयास शिकविले, घोड्यावर बसावयास व शस्त्र धरावयासही. एका थोर पुरुषाच्या चरित्रावरून सिद्धांत मांडता येत नाही, आणि मागे वळून पाहताना सारेच जुळलेले दिसते, हेही खरे. पण आपल्याला प्रिय ते दुसऱ्याला शिकवून त्याला बरोबरीस घ्यावयाचे, ही एकच वृत्ती मित्रांशी, साथीदारांशी आणि पत्नीशी वागताना दिसते. संसाराकरिता त्यांनी वेगळा स्वभाव काढून ठेवला नव्हता.

आता आजच्या मुलांकडे या कालखंडात काय उरते ते पाहा. पंधरावे वर्ष दहावीचे, सतरावे बारावीचे. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री सराव-परीक्षा. क्लासमध्ये शेजारी बसणारा मित्र नसतो, स्पर्धक असतो, असे पालकच बजावतात. मैत्री उरते ती मोबाइलवर, आणि तेथे रुसवा काढण्यापेक्षा समोरच्याला ‘ब्लॉक’ करणे सोपे. भांडण होऊन पुन्हा बोलावयास लागण्याचा सराव ज्या वयात व्हावा, नेमक्या त्याच वयात आपण त्याला वेळापत्रकातून वगळले आहे. मुलींचे तर पुढे आणखी एकदा होते: लग्नानंतर आडनाव बदलते, गाव बदलते आणि जिवाभावाची मैत्रीण वर्षानुवर्षे दिवाळीच्या शुभेच्छांपुरती राहते. नवऱ्याच्या मित्रांना जेवावयास घालणाऱ्या घरांत बायकोची मैत्रीण किती वेळा मुक्कामाला येते, हे वाचकांनी आपापल्या घरी पाहावे.

याचा अर्थ पालकांनी लक्षच ठेवू नये असा नाही. अठरा वर्षांखालील मुलांबाबत २०१२ चा कायदा कडक आहे आणि फसवणुकीच्या घटनाही घडतात. पण लक्ष ठेवणे आणि संशय घेणे यांत अंतर आहे. ‘बरोबर कोण कोण आहे?’ हा प्रश्न चौकीदारासारखाही विचारता येतो आणि मुलीच्या मैत्रिणींची नावे, त्यांचे रुसवेफुगवे ठाऊक असलेल्या आईसारखाही. पहिल्या प्रकारे विचारले की मुले खोटी नावे सांगतात. अनेक उच्च माध्यमिक वर्गांतून बारावीला सहल नाही, हा अलिखित नियम झाला आहे. अभ्यास बुडेल हे कारण. एक रविवार जाईल, एवढेच. शिक्षकांनी तो नियम मोडावा, वर्गाला कर्नाळ्यावर न्यावे, आणि जाण्यापूर्वी पालकसभेत मुलींच्या परवानगीचा विषय स्वतःहून काढावा.