गंजलेली रिम आणि बदनाम टायर

उसाचा हंगाम असो वा नसो, फलटण-लोणंद रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानांत एक तक्रार कायम असते: “रात्री हवा भरली, सकाळी निम्मी.” टायर पाण्यात फिरवून बघितला, खिळा नाही, काच नाही. मग निदान ठरलेलं, टायर बाद झाला. नवा टायर चढतो आणि थोड्या दिवसांत तोही बसतो. दोष टायरचा नसतोच, रिमचा असतो.

ट्यूबलेसमध्ये हवा अडते ती टायरचा काठ, म्हणजे बीड, रिमवर जिथं दाबून बसतो त्या अरुंद पट्टीवर. लोखंड गंजलं की मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतं. पापुद्रे उठतात, रबर उचललं जातं आणि पोकळ गंजातून हवा वाट काढते. चाक काढून दोन्ही बाजूंच्या सांध्यावर साबणाचं पाणी सोडा, गळती असेल तिथं बारीक फेस धरेल. वॉलच्या बुडाशीही सोडा. तिथलं रबर तडकलेलं असेल तर रिमवर नाहक आळ येतो.

“आपल्याकडं पाऊस कुठाय, गंज कशानं चढेल?” फलटण तालुका पर्जन्यछायेतला, हे खरं. पण नीरा उजव्या कालव्याखालची ओली रानं, शेणखत, पिकअपमध्ये सांडलेलं पोटॅश हे सगळं इथलंच आहे. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. असले क्षार ओलावा धरून लोखंड खातात. अ‍ॅलॉयही सुटत नाही. त्याला लाल गंज चढत नाही, पांढरी पूड धरते, आणि हवा तीही सोडते.

“जास्त हवा मारली की काठ दाबून बसेल.” पापुद्रे दाबानं जात नाहीत. कारचा टायर रिमवर बसवताना ४० पीएसआयच्या वर जायचं नाही, हा टायरधंद्यातला दंडक आहे. वर गेलं तर बीडची तार तुटून टायर फुटू शकतो. पेट्रोल शिंपडून काडी लावायचे मोबाइलवरचे प्रकार तर करूच नका. टायर चढलेला असताना रिमला वेल्डिंगही नको, हवा सोडलेली असली तरी.

सीलंट खिळ्याच्या भोकासाठी असतं. चाक फिरलं की ते बाहेरच्या घेरावर फेकलं जातं, काठापाशी पुरेसं टिकत नाही. नायट्रोजनचं तेच. साध्या हवेतच तो ७८ टक्के असतो आणि फट त्यालाही तेवढीच मोकळी.

“ट्यूब टाका, मिटलं.” घर गाठण्यापुरतं ठीक. पण खरखरीत रिमवर ट्यूब घासते, आणि फाटली की हवा एकदम जाते. उसाच्या ट्रॉलीच्या चाकात ट्यूब असेल, तर तिथंही गंज हेच करतो.

खरा उपाय कष्टाचा आहे, महागाचा नाही. टायर उतरवा. तारेच्या ब्रशनं सैल गंज झाडा, मग ८० आणि नंतर १२० नंबरचा पॉलिश पेपर हातानं फिरवा, तोही रिमच्या गोलाईनंच. आडवा घासला तर ओरखडे थेट आतून बाहेर जातात आणि त्याच रेघांतून हवा निघते. म्हणूनच घाईनं ग्राइंडर मारलेली चकचकीत रिमही गळते. वर लोखंड पातळ होतं ते वेगळंच. थिनरनं पुसून रेड ऑक्साइडचा एकच पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. जाड रंग बीडला चिकटतो आणि पुढच्या वेळी त्याच्याबरोबर सोलून येतो. टायरच्या काठाला लागलेला गंज पुसा, वॉल नवा टाका. बसवताना टायरची पेस्ट वापरा. ग्रीस किंवा ऑइलनं रबर फुगतं.

इतकं करूनही बारीक खड्डे राहिले तर बीड सीलर लावून चाक चालतं. खड्डे खोल असतील, रिम वाकली असेल किंवा नटांच्या भोकांपाशी तडा दिसत असेल, तर एम-सील भरत बसू नका. ती रिम भंगारात घाला आणि दुसरी घ्या. टायर मात्र चांगला असेल तर तोच चढवा.