संचित परिचय आणि सणाचे हास्य : मोरकम–वाइज यांच्या नाताळ-प्रयोगाचे परीक्षण

(१)

दूरचित्रवाणीवरील लघुप्रहसनांच्या मालिकेतील एखादा भाग परीक्षणासाठी घेतला, म्हणजे परीक्षकापुढे प्रथम मापाचाच प्रश्न उभा राहतो. नाटकाला कथानकाचे सूत्र असते; त्यामुळे अंकांचा परस्परसंबंध तपासता येतो. प्रहसनमालिकेचा भाग हा सुट्या प्रवेशांचा समुच्चय असतो. त्यांत मध्येच गाणे येते, नृत्य येते, एखादा नामवंत पाहुणा येऊन जातो. अशा समुच्चयाला एक कलाकृती मानावयाचे की नाही, येथूनच मतभेदाला आरंभ होतो. त्यातून तो भाग सणाच्या दिवशी दाखविण्यासाठी रचलेला असला, तर प्रश्न अधिकच बिकट होतो. कारण त्या दिवशीच्या प्रेक्षकाची प्रसन्नता कलाकृतीने निर्माण केली, की ती सणानेच आयती पुरविली, हे निवडून काढणे कठीण असते.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक सुपरिचित उदाहरण उपयोगी पडेल. ब्रिटनमधील एरिक मोरकम आणि एर्नी वाइज ह्या विनोदी नटद्वयाचा २५ डिसेंबर १९७७ रोजी बी.बी.सी.ने दाखविलेला नाताळ-प्रयोग हा ह्या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध प्रयोगांपैकी एक होय. त्याची कीर्ती मुख्यतः प्रेक्षकसंख्येवर उभी आहे. परंतु संख्या बाजूला ठेवून प्रयोगाच्या रचनेकडे पाहिले असता सणाच्या भागाचा विनोद कोणत्या द्रव्यावर जगतो, ह्याचा उलगडा होऊ लागतो.

(२)

मोरकम (१९२६–१९८४) आणि वाइज (१९२५–१९९९) हे दोघेही मूळचे रंगमंचावरील संमिश्र करमणुकीच्या परंपरेतले. बी.बी.सी.वर त्यांची मालिका १९६८ साली सुरू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस मोरकम यांना हृदयविकाराचा पहिला झटका आला, आणि त्यानंतर सिड ग्रीन व डिक हिल्स हे त्यांचे जुने लेखक त्यांच्यापासून दूर झाले. त्यांची जागा एडी ब्रेबन ह्यांनी घेतली. ब्रेबन ह्यांनी केलेला बदल मार्मिक होता. पूर्वी एक शहाणा व एक वेडगळ असे ठरीव नाते होते. ब्रेबन ह्यांनी वाइज यांना स्वतःला थोर नाटककार समजणाऱ्या भाबड्या गृहस्थाचे रूप दिले, आणि मोरकम यांच्या चेष्टेखाली मित्राविषयीची माया ठेवली. दोघे एकाच बिऱ्हाडात राहतात, एर्नी नाटके लिहितो, एरिक त्यांची थट्टा करतो, आणि बाहेरून कोणी थट्टा केली तर तोच मित्राच्या बाजूने उभा राहतो, असा हा संसार वर्षानुवर्षे प्रेक्षकांच्या ओळखीचा झाला.

ह्या संसारात नामवंत पाहुण्यांना बोलावून त्यांची प्रतिष्ठा हलकेच उतरविणे हा मालिकेचा नेम होता. पाहुण्याचे नाव चुकीचे घ्यावयाचे, त्याच्या कलेविषयी अज्ञान दाखवावयाचे, आणि त्याने मात्र अखेरपर्यंत गंभीर राहावयाचे. नाताळचा भाग म्हणजे ह्या नेमाचा वार्षिक सोहळा होता.

(३)

१९७७ च्या प्रयोगात तीन बाबी विशेष लक्ष वेधून घेतात. पहिली बाब जिन्याची. पेनेलपी कीथ ही भारदस्त स्त्रियांच्या भूमिकांमुळे ख्यातनाम झालेली अभिनेत्री एका भव्य जिन्यावरून डौलाने उतरू लागते. परंतु जिना जमिनीपर्यंत बांधलेलाच नसतो, आणि उंची पोशाख सावरीत तिला उरलेले अंतर कसेबसे उतरावे लागते. दुसरी बाब गायक एल्टन जॉन ह्यांची. ते कार्यक्रमभर चित्रणगृहाचा शोध घेत हिंडत असतात आणि त्यांना वाट काही सापडत नाही. तिसरी आणि सर्वांत गाजलेली बाब म्हणजे खलाशांचे नृत्य.

‘साउथ पॅसिफिक’ ह्या १९४९ च्या अमेरिकन संगीतिकेत, स्त्रीसहवासाला मुकलेले खलाशी आपली तक्रार गाऊन सांगतात असे एक गीत आहे. प्रस्तुत प्रयोगात ते गीत खलाशांच्या वेषात गातात ते बी.बी.सी.चे वृत्तनिवेदक आणि अन्य निवेदक : रिचर्ड बेकर, पीटर वुड्स, रिचर्ड व्हिटमोर, फ्रँक बॉफ, मायकेल ॲस्पेल, चित्रपटसमीक्षक बॅरी नॉर्मन, रग्बीचे समालोचक एडी वेअरिंग इत्यादी. गाता गाता ही प्रौढ मंडळी धावतात, उसळी घेतात, आणि पुढच्याच क्षणी हवेत कोलांट्या मारताना दिसतात. कोलांट्या अर्थातच कसरतपटूंच्या आहेत. निर्माते व नृत्यदिग्दर्शक अर्नेस्ट मॅक्सिन ह्यांनी निवेदकाची उसळी आणि कसरतपटूची कोलांटी ही दोन चित्रणे अशा बेताने जोडली आहेत की जोड लपू नये. जोड दिसतो म्हणूनच हसू येते. प्रेक्षकाला फसविण्याचा तेथे हेतूच नाही.

(४)

येथे भरताच्या नाट्यशास्त्रातील हास्यरसाचे विवेचन आठवणे उपयुक्त ठरेल. भरताने हास्याच्या विभावांत विकृत वेष, परक्याचा वेष, असंबद्ध भाषण इत्यादींची गणना केली आहे. वरवर पाहता खलाशांचे नृत्य हे परवेषाचे सरळ उदाहरण वाटते. परंतु एक साधी कसोटी लावून पाहावी. बी.बी.सी.च्या बातम्या ज्याने कधी पाहिल्या नाहीत, अशा प्रेक्षकापुढे हेच नृत्य ठेवले तर त्याला काय दिसेल? खलाशांच्या नीटनेटक्या वेषात काही प्रौढ पुरुष बेताचे गातात, आणि त्यांच्या जागी मध्येच कसरतपटू येतात. त्याला गंमत वाटेल, परंतु १९७७ च्या प्रेक्षकाला झालेला हर्ष त्याला होणार नाही. वेषात हास्याचे बीज नाही. वेष घालणारा मनुष्य वर्षभर कोणत्या स्वरात बोलत आला आहे, ह्या जाणिवेत ते आहे. संप, बाँबस्फोट, महागाई, निवडणुका ह्यांच्या वार्ता ज्या अविचल कंठाने सांगितल्या, तोच कंठ येथे स्त्रियांच्या अभावाचे दुःख आळवीत असतो.

म्हणजे ह्या प्रवेशाचा विभाव प्रवेशाच्या बाहेर आहे. तो तीनशे साठाहून अधिक रात्रींनी तयार केलेला आहे. ह्याला ‘संचित परिचय’ असे म्हणता येईल. सणाचा भाग हा संचय एका संध्याकाळी खर्च करतो. घरोघरी वर्षभर जमविलेले साखर-तूप सणाच्या पक्वान्नात एकदम घातले जाते, तसाच हा प्रकार होय. ब्रिटनमध्ये त्या काळी तीनच दूरचित्रवाहिन्या होत्या. त्यामुळे आजोबा व नातू ह्यांची निवेदकांशी असलेली ओळख एकच होती, आणि तिच्या उलथापालथीला दोघेही एकाच क्षणी हसू शकत होते. त्याच्या आदल्या वर्षीच्या, म्हणजे १९७६ च्या, नाताळ-प्रयोगात वृत्तनिवेदिका अँजेला रिपन मेजामागून उठून नाचू लागली होती. तोवर प्रेक्षकांनी तिला बहुधा मेजामागेच पाहिले असल्यामुळे तिचे उठून उभे राहणे हीच एक घटना ठरली. १९७७ चे नृत्य हा त्याच कल्पनेचा विस्तार होय.

(५)

संचित परिचयावर जगणाऱ्या विनोदाचे भवितव्य काय, हा पुढचा प्रश्न. ह्यासाठी त्याच नटद्वयाचा १९७१ चा नाताळ-प्रयोग तुलनेला घ्यावा. त्याचे निर्माते जॉन ॲमंड्स हे होते. त्यात लंडन सिम्फनी वाद्यवृंदाचे तत्कालीन प्रमुख संचालक आंद्रे प्रेविन ह्यांना बोलावून, ग्रीगच्या पियानो-रचनेचे एकलवादक म्हणून मोरकम पुढे येतात. वाद्यवृंदाचा प्रारंभीचा भाग इतका आखूड आहे की वादकाला पियानोपर्यंत पोहोचताच येत नाही. म्हणून तो काही हात लांबवावा, अशी मागणी होते. पियानोच्या झाकणामुळे संचालक दिसत नाही, अशी तक्रार होते. अखेर मोरकम भलतेच काही वाजवितात, आणि प्रेविन ह्यांनी आक्षेप घेताच, स्वर सारे बरोबरच आहेत, केवळ क्रम तोच असेल असे नाही, अशा अर्थाचे उत्तर देतात.

हा प्रवेश मूळचा ब्रेबन ह्यांचा नव्हे. ग्रीन व हिल्स ह्यांनी लिहिलेल्या त्याच्या पूर्वरूपाचा प्रयोग १९६३ साली दुसऱ्या वाहिनीवर झाला होता. त्या वेळी संचालकाची भूमिका वाइज यांच्याकडे होती. तिच्या जागी खरा संचालक येताच प्रवेशाचे वजन पालटले. तथापि येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की प्रेविन कोण, हे ज्याला ठाऊक नाही तोही हसतो. त्यांचा अधिकार प्रवेशातच सिद्ध होतो. त्यांचे ताठ उभे राहणे, मोजके बोलणे, सुशिक्षित मनुष्याचा आवरलेला संताप, ह्यांतून प्रतिष्ठा प्रथम डोळ्यांपुढे उभी राहते आणि मगच ढासळते. हा प्रवेश आपला परिचय आपणच घडवितो.

तेव्हा सणाच्या भागातील विनोदाचे दोन वर्ग करता येतील : परिचय बाहेरून आणणारा आणि परिचय आतच घडविणारा. पहिल्याचा परिणाम त्या दिवशी अधिक तीव्र असतो. दुसरा अधिक काळ टिकतो. १९७७ च्या प्रयोगातील जिन्याचा प्रवेश दुसऱ्या वर्गाकडे झुकतो, कारण डौल आणि अडचण ही दोन्ही दृश्यातच आहेत. खलाशांचे नृत्य निःसंशय पहिल्या वर्गातले आहे. आज ते पाहणाऱ्या तरुण प्रेक्षकाला टिपांची गरज लागते, आणि टिपेसह आलेले हसू हे समजुतीचे असते, उत्स्फूर्त नसते. तमाशातील जुन्या बतावण्या कागदावर वाचताना गावोगावचे तत्कालीन संदर्भ हरवलेले असल्यामुळे जी पोकळी जाणवते, तीच ही पोकळी होय.

(६)

आता संख्येविषयी. ह्या प्रयोगाला २ कोटी ८० लाख प्रेक्षक लाभले, असे पुष्कळ काळ सांगितले जात असे. त्या काळी बी.बी.सी. आणि तिची प्रतिस्पर्धी व्यापारी वाहिनी प्रेक्षकगणना वेगवेगळ्या पद्धतींनी करीत. सर्वांसाठी एकच गणनासंस्था १९८१ मध्ये अस्तित्वात आली. पुढे सिद्ध झालेल्या याद्यांत हा आकडा २ कोटी १० लाखांच्या आसपास येतो, आणि त्याच संध्याकाळी आधी दाखविलेला नकलाकार माइक यारवुड ह्यांचा कार्यक्रम किंचित वर जातो. सुमारे ५ कोटी ६० लाख वस्तीच्या देशात हीही संख्या थोर आहे. परंतु परीक्षकाने तिच्यापासून योग्य तेवढाच बोध घ्यावा. संचित परिचय किती घरांत पसरला होता, हे ती सांगते. तो कसा खर्च झाला, हे सांगत नाही. यारवुड ह्यांच्या प्रयोगाला तेवढेच प्रेक्षक असूनही तो लोकस्मृतीत तितका राहिला नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

प्रयोगाचा शेवट ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. एल्टन जॉन ह्यांना अखेर चित्रणगृह सापडते, पण तोवर कार्यक्रम संपलेला असतो. रिकाम्या खुर्च्यांपुढे ते पियानोवर बसून गातात, आणि श्रोते म्हणून असतात केवळ साफसफाई करणाऱ्या बायकांच्या वेषातले मोरकम व वाइज. ह्या गायकाची कीर्ती ज्याला ठाऊक नाही, त्यालाही उशिरा पोहोचलेल्या पाहुण्याची ही करुण-विनोदी अवस्था कळते. सण सरल्यावर उरणारी शांतता त्यात आहे. पुढील वर्षी, १९७८ मध्ये, हे नटद्वय टेम्स ह्या प्रतिस्पर्धी संस्थेकडे गेले आणि ब्रेबन प्रारंभी त्यांच्याबरोबर गेले नाहीत, त्यामुळे बी.बी.सी.वरील त्यांचा हा अखेरचा नाताळ ठरला. हे ज्ञान मागाहूनचे असल्यामुळे त्याचे श्रेय प्रयोगाला देणे उचित नव्हे. परंतु दृश्याचा परिणाम त्यावाचूनही होतो.

एकंदरीत, प्रहसन म्हणून १९७१ च्या वाद्यवृंदाच्या प्रवेशाला श्रेष्ठ मानावे लागते, आणि सोहळा म्हणून १९७७ च्या प्रयोगाला. दोन्ही निर्णय एकाच वेळी खरे असू शकतात, कारण ते दोन वेगळ्या गुणांविषयी आहेत. सणाच्या भागाचे परीक्षण करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने म्हणून दोन कामे करावीत : त्या दिवसाआधीचे वर्ष शक्य तितके पुन्हा उभे करावे, आणि ते वर्ष पुसून टाकल्यावर काय उरते हे निर्ममपणे पाहावे. पहिल्या कामावाचून परीक्षण अन्यायाचे होईल. दुसऱ्यावाचून ते केवळ आठवणींचे गुणगान ठरेल.